हाडाजवळची लाली

कच्ची कोंबडी ज्या भावात मिळते, जवळजवळ त्याच भावात तीच कोंबडी मसाला लावून, पोटात सारण भरून, खमंग भाजून, गरम पिशवीत घालून तुमच्या हातात दिली जाते, तेव्हा मधल्या सगळ्या खटाटोपाचे पैसे कोण भरतं, असं तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारलं होतं, पण एकदाच. मी स्वतः ती भाजत होते, तरी अर्ध्या उत्तरावर थांबले.

सिडनीच्या पश्चिमेला, गिरावीन या उपनगरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक सुपरमार्केट आहे. तिथल्या डेलीत मी काम करायचे. डेली म्हणजे चीज, कापलेलं हॅम, ऑलिव्ह, सॅलड असलं सगळं विकणारा काचेचा लांबलचक काउंटर. त्याच्या टोकाला दोन मोठे ओव्हन आणि शेजारी गरम काचपेटी. मी युनिमध्ये मास्टर्स करत होते आणि कॅज्युअल म्हणून लागले होते. कॅज्युअल म्हणजे पुढच्या आठवड्यात काम असेल की नाही, हे या आठवड्याच्या शेवटी कळणार. त्यात ओव्हनची शिफ्ट मात्र पक्की असायची, कारण कोंबडी रोज लागायचीच. माझं खोलीचं भाडं त्या शिफ्टवर चालायचं.

मग साथ आली. कॅफे बंद झाले, माझ्या दोन्ही रूममेट घरी बसल्या. सरकारने नोकरी गेलेल्यांना मदत जाहीर केली आणि आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना सांगितलं, परवडत नसेल तर आपापल्या देशात परत जा. विमानं बंद होती, ही गोष्ट सांगणाऱ्यांनाही ठाऊक होती. त्याच आठवड्यात दुकानाने आम्हाला छातीवर लावायला बिल्ले दिले. त्यावर लिहिलं होतं, आम्ही अत्यावश्यक आहोत. मी तो बिल्ला लावून सळयांवर कोंबड्या ओवत होते.

हे काम बाहेरून दिसतं तितकं साधं नाही, आणि वाटतं तितकं अवघडही नाही. कोंबड्या खोक्यातून येतात. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या, मसाला चोळलेल्या, पाय दोऱ्याने बांधलेल्या. त्या सळईवर ओवायच्या, पंख आत दुमडायचे, नाहीतर ते करपतात. तास-दीड तास त्या फिरत राहतात. शेवटी प्रोब, म्हणजे सुईसारखा तापमापक, मांडीच्या जाड भागात खुपसायचा. आकडा पंचाहत्तरच्या वर गेला की काढायच्या, पिशवीत घालायच्या, वेळेची चिठ्ठी लावायची आणि काचपेटीत मांडायच्या. चार तासांत नाही विकली तर फेकायची. सगळ्यात वाईट काम ओव्हन धुण्याचं. खाली साचलेली चरबी काढताना हात कोपरापर्यंत असा चिकट होतो की दोनदा साबण लावूनही केसांना वास येतो. ट्रेनमध्ये लोक माझ्याकडे बघून भुकेजल्यासारखे व्हायचे, असं माझी रूममेट म्हणायची. "मुक्ता, तुला परफ्यूमची गरजच नाही. तुझ्या मागे लाइन लागते."

मला हे सगळं शिकवलं डेबने. डेलीची प्रमुख, पन्नाशीची, इथलीच. हातावर भाजल्याचे डाग, आवाज सगळ्या दुकानात ऐकू जाईल असा. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, "डेब, एवढी वीज, एवढी माणसं, आणि किंमत ही? परवडतं कसं?"

सगळ्यांना 'लव्ह' किंवा 'डार्ल' म्हणायची तिची सवय. ती ट्रे घासता घासता म्हणाली, "लव्ह, ही कोंबडी विकायला ठेवलेली नाही. ही माणसांना आत बोलवायला ठेवलीय. ती आमच्या कोपऱ्यापर्यंत येतात, म्हणजे अख्खं दुकान ओलांडून येतात. येताना ब्रेड घेतात, जाताना सॅलड आणि कोक घेतात. नफा तिथे आहे. ही बिचारी फक्त वास सोडते."

एवढं ऐकून मला वाटलं, उत्तर मिळालं. दुकान या कोंबडीवर कमी कमावतं आणि कोकवर भरून काढतं. ठीक आहे. हिशेब दुकानाचा, मला काय.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्या स्वस्ताईला नावं ठेवायची माझी हिंमतही नव्हती. काचपेटीपुढे कोण कोण यायचं ते मी पाहत होते. एक इमारतींवर काम करणारा गडी दुपारी यायचा, अख्खी कोंबडी घ्यायचा आणि आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसून हातांनी फाडून खायचा. त्याच्या जेवायच्या सगळ्या जागा बंद झाल्या होत्या. एक बाई कानात फोन अडकवून मीटिंग ऐकत यायची, मला फक्त बोटांनी 'दोन' दाखवायची आणि जाताना खुणेने थँक्यू म्हणायची. आजारातून उठलेले एक म्हातारे गृहस्थ नुसतेच काचेपाशी उभे राहायचे. महिनाभर त्यांना कशाचाच वास येत नव्हता, आणि रोज ते तपासायला यायचे. एका आर्वोला, म्हणजे दुपारी, म्हणाले, "आज थोडा आला, मेट." मग त्यांनी कोंबडी घेतली. डेबने त्यांना सगळ्यात मोठी शोधून दिली.

गरम, शिजलेलं, घरातल्या चौघांना पुरेल असं काहीतरी, आणि त्यासाठी कुणाला भीक मागावी लागत नाही. स्वस्ताईचं मोल मला तिथे कळलं. पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.

शिंदेकाका काउंटरवर पहिल्यांदा आले ते जूनमध्ये. इथला हिवाळा. मूळचे कोल्हापूरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. सुनेच्या बाळंतपणासाठी काकूंना घेऊन सिडनीला आले होते आणि सीमा बंद झाल्याने अडकले होते. मुलगा आयटीत, त्याचा पगार कापलेला. काकू घरात बाळाला न्हाऊमाखू घालायच्या, आणि काकांना घरात काही कामच नव्हतं. तेव्हा बाजार त्यांनी आपल्याकडे घेतला होता. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मुक्ता? कुठली गं पोरी तू?" सोलापूर म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे शेजारीणच की आमची." सिडनीत बसून कोल्हापूर-सोलापूर शेजारी होतात.

तर एका सकाळी हेच काका काउंटरवर स्टीलचा डबा घेऊन उभे राहिले. झाकण काढून माझ्यासमोर धरला. आत आदल्या दिवशीच्या कोंबडीची तंगडी.

"अगं, हे कच्चंच दिलंस की."

मी पाहिलं. मांस पांढरं, मऊ, पण हाडाला लागून लालसर, कुठे जांभळट. रक्त उतरल्यासारखं.

"काका, मी स्वतः तपासून काढली होती."

"मग हे काय? सूनबाईनं बघितलं आणि थोरल्या नातीच्या पुढनं ताट उचललं. घरात तान्हं बाळ, त्यात हा रोग. परत कुकरला लावलं तीन शिट्ट्या. काथ्या झाला नुसता. रंग काय जाईना."

नियम असा की गिऱ्हाईक म्हणालं कच्चं, तर वाद घालायचा नाही. पैसे परत द्यायचे, माल फेकायचा. पण 'कच्चं' हा शब्द उच्चारला गेला की अन्नसुरक्षेची तक्रार नोंदवावी लागते, आणि ती नोंद त्या शिफ्टला ज्याच्या हातात प्रोब होता त्याच्या नावावर पडते. माझ्या नावावर पडली.

काका गेल्यावर डेबने ती तंगडी हातात घेतली, हाड काढलं आणि दोन बोटांनी मोडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"बघ. हाड आहे का हे? खडू आहे. हा पक्षी पाच-सहा आठवड्यांचा असतो, लव्ह. बाळ आहे. अंगावर मांस चढलं, पण हाडं मागे राहिली. हाड कोवळं, सच्छिद्र. भाजलं की आतला रंग झिरपतो बाहेर. शिजलेलं असतं. रंग जात नाही, एवढंच."

माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर तिच्या दोन बोटांत होतं. दुकान कोकवर भरून काढतं हे खरं, पण कोंबडी मुळातच स्वस्त आलेली असते. कारण तिला जगायला जितके कमी दिवस द्यावेत तितके दिलेले असतात. खाद्य वाचतं, जागा वाचते, शेड लवकर रिकामी होते. पुढे मी याविषयी बरंच वाचलं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड मात्र शेतकऱ्याची आणि विजेचं बिलही त्याचं. पण मला पटायला ते वाचन लागलं नाही. मोडलेलं हाड पुरलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही ब्रॉयलर याच वयाचा असतो. असतोच. काकाही पुढे हेच म्हणाले. फरक इतकाच की आपण त्याचे बारीक तुकडे करतो, हळद-तिखटात परततो, लाल रश्श्यात बुडवतो. त्या रंगात हाडाजवळची लाली कुणाला दिसणार? अख्खी भाजलेली कोंबडी काही लपवत नाही. म्हणूनच तक्रारी घेऊन यायचे ते बहुतेक आपलेच लोक. गुजराती, पंजाबी, तेलुगू, मराठी. इथल्या माणसाला ती लाली ठाऊक असते किंवा त्याचं लक्ष नसतं. आपल्याकडे लाल दिसलं म्हणजे कच्चं, आणि त्या वर्षी तर सगळेच घाबरलेले.

माझ्या नावावर एक तक्रार, मग दुसरी, मग एकाच आठवड्यात दोन. स्टोअर मॅनेजरने मला मागे बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली. म्हणाला, आणखी एक तक्रार आली तर तुला ओव्हनवरून काढावं लागेल, माझ्या हातात नाही. मी हाडाचं सांगितलं. तो म्हणाला, "मग जरा जास्त वेळ भाज." मी दोन दिवस अर्धा तास जास्त भाजली. लाली तशीच राहिली आणि छातीचं मांस लाकूड झालं. डेब भडकली. "माझ्या काउंटरवर असलं काही विकायचं नाही."

तेव्हा मला एकच गोष्ट सुचली, कारण मला तीच येते. माझे वडील सोलापुरात कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे, आणि आम्ही पोरं ती चौकात वाटायचो. ते म्हणायचे, 'विश्वास ठेवा' असं लिहिलेला कागद कुणी वाचत नाही. 'हे असं का आहे' असं लिहिलेला वाचतात. मी पत्रक लिहिलं. इंग्रजीत, मराठीत आणि हिंदीत. काचपेटीवर लावायला.

"या कोंबडीच्या हाडाजवळ लाल दिसलं तर घाबरू नका. ती पूर्ण शिजलेली आहे. ही कोंबडी काही आठवड्यांचीच असते. तिची हाडं अजून पक्की झालेली नसतात, म्हणून आतला रंग भाजताना मांसात उतरतो. इतक्या लवकर वाढवतात म्हणूनच ती इतकी स्वस्त मिळते."

मॅनेजरने इंग्रजी वाचलं. खूश झाला. म्हणाला, "पहिली दोन वाक्यं ब्रिलियंट. छापून घेतो. बाकीची काढ."

"बाकीच्यांतच कारण आहे."

"लोक इथे कारण घ्यायला येत नाहीत, मुक्ता. चिकन घ्यायला येतात."

"कारण नसेल तर ते दोन वाक्यांवर विश्वास का ठेवतील? दुकान म्हणतंय घाबरू नका. दुकान म्हणणारच."

"मग एक काढ. शेवटचं."

"शेवटचं खोटं आहे का?"

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "खोटं आहे असं मी कुठे म्हणालो?"

डेबला वाटलं मी वेडी आहे. "काढून टाक ते वाक्य. भाडं आधी. तू आणि तुझी पत्रकं." मी सोलापूरला फोन केला. मला वाटलं बाबा तरी पाठ थोपटतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकट्यानं संप होत नसतो, मुक्ता. तिथं तुझ्या बाजूला कोण आहे?"

कुणीच नव्हतं. तरी मी मॅनेजरला सांगितलं, लावायचं तर पूर्ण लावा, नाहीतर नको. तो म्हणाला, मग नको. यात शौर्य होतं असं मला आजही वाटत नाही. मला फक्त अर्धं पत्रक माझं म्हणून लावलेलं नको होतं. पाचवी तक्रार आली आणि मी ओव्हनवरून उतरले. माझ्या जागी जॉश आला, इथला मुलगा, कामाला चांगला. मला दारात उभं केलं, ट्रॉल्यांच्या दांड्यांवर जंतुनाशक मारायला. तास निम्म्यावर आले. मी आणि रूममेट दुपारी वरणभात आणि संध्याकाळी उरलेला वरणभात खात होतो.

दारातच काका भेटले. "इथं काय करतीस? आत कोण आहे कोंबडीला?"

मी सांगितलं. हाडाचं, तक्रारींचं, पत्रकाचं, सगळं. मला त्यांना दोष द्यायचा नव्हता, पण सांगताना तो लागलाच असणार. काका पिशवीचा बंद पिळत राहिले.

"म्हणजे माझ्यामुळं?"

"एकट्या तुमच्यामुळे नाही, काका."

"पण पहिला मीच की." ते तडक डेलीत गेले. मी दारातून ऐकत होते. वीज मंडळातल्या खणखणीत इंग्रजीत ते डेबला म्हणाले, "मॅडम, आय टेक माय कम्प्लेंट बॅक."

"ती परत घेता येत नाही, डार्ल," डेब म्हणाली. "तुमची कोंबडी कचऱ्यात गेली."

दुसऱ्या दिवसापासून काका रांगेत उभं राहून ओळखीच्या-अनोळखी सगळ्या देशी माणसांना सांगू लागले. दीड मीटरचं अंतर राखायचं असल्याने मोठ्याने सांगावं लागे. "बेहेनजी, हड्डी के पास लाल दिखा तो वापस नहीं लाने का. कच्चा नहीं है. बच्चा है बेचारा." लोक हसायचे. काही जणी पुढे सरकून विचारायच्या, म्हणजे काय? काका पुढचंही सांगायचे. शेवटच्या वाक्यासकट. त्यांना वाक्य काढायला सांगणारं कुणी नव्हतं.

मी मात्र काकांमुळे परत ओव्हनवर गेले नाही. जॉशच्या नावावरही तक्रारी पडल्या म्हणून गेले. त्याच्या तिसऱ्या तक्रारीला मॅनेजरने ओव्हन दुरुस्त करणारा तंत्रज्ञ बोलावला. माझ्या पाच तक्रारींत कुणाला ओव्हनचा संशय आला नव्हता. तंत्रज्ञाने यंत्र ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि मॅनेजर माझ्याकडे येऊन म्हणाला, "सोमवारपासून ये. नो हार्ड फीलिंग्ज." मी सोमवारी हजर झाले. भाडं दोन आठवडे थकलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. कारण इथवर मी बरोबर होते, आणि बरोबर असलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं फार नसतं.

एका शनिवारी काकांची सून आली. केतकी. मला ती नावानेच माहीत होती. बाळ छातीशी बांधलेलं, डोळ्यांखाली काळं. तिने आवाज चढवला नाही.

"मुक्ता तूच ना? बाबांना ते हाडाचं तू सांगितलंस?"

"हो."

"त्यांनी ते जेवताना सांगितलं. सईसमोर. ती सहा वर्षांची आहे. तिने विचारलं, हाऊ ओल्ड वॉज इट? बाबा म्हणाले, आपल्या बाळाएवढी पण नव्हती. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. मला एवढंच विचारायचंय, तुझं तत्त्व माझ्या स्वयंपाकघरात आणायचा हक्क तुला कुणी दिला? दोघांच्या मीटिंगा, शाळा घरात, हे बाळ. आठवड्यातले तीन दिवस ही कोंबडी होती म्हणून मी उभी होते. आता मी काय रांधू, ते पण लिही तुझ्या कागदावर."

माझ्या पत्रकात कोंबडी होती, तिचं वय होतं, तिची किंमत होती. केतकी नव्हती. आमच्या घरातल्या पत्रकांतही ती कधी नसायची. कापड गिरण्यांविषयी पानंच्या पानं, आणि त्या कामगाराच्या घरी संध्याकाळी काय शिजलं याची ओळ नाही. मी फक्त "सॉरी" म्हणाले. तीही "सॉरी" म्हणाली, आणि कोंबडी न घेता गेली.

बरेच आठवडे ती आली नाही. मग एका दुपारी आली, काचपेटीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "एक दे. लहानातली."

मी पिशवी दिली. विचारू की नको असं करत विचारलं, "सई खाते आता?"

"खाते. आठवड्यातून एकदाच आणतो. तिनेच ठरवलंय ते." केतकीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि हाड अगदी कोरून खाते. ताटात कण ठेवत नाही. मी म्हटलं, अगं, एवढं कशाला? तर म्हणते, आई, इट वॉज ओन्ली लिटल."

मागे घंटा वाजली, ओव्हनमधली पुढची खेप झाली होती.

मी आता त्या दुकानात नाही. काका-काकू पहिल्या मिळालेल्या विमानाने परत गेले. कोंबडीची किंमत त्यानंतर थोडी वाढली, वय वाढल्याचं ऐकलं नाही. ती घेऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ज्यांच्या घरी ती घेतल्याशिवाय संध्याकाळ पार पडत नाही, त्यांना तसं सांगायचा हक्क मला नाही, हे केतकीने मला शिकवलं. पण न सांगता खाऊ घालायचा हक्क दुकानाला आहे, हेही मी मानत नाही.

म्हणून एवढंच मागते. पुढच्या वेळी तंगडी मोडताना हाडाजवळ लाल दिसलं, तर ती काउंटरवर परत नेऊ नका. तिथे उभ्या असलेल्या पोरीने ती नीट भाजली आहे. आणि शेजारी बसलेल्या मुलाने विचारलं, हे लाल का आहे, तर "काही नाही, जेव" म्हणू नका. खरं सांगा. मग ते जे ठरवेल, ते त्याला ठरवू द्या.